प्रोबेशनवर सुटलेल्याने अट मोडली, तर कोर्टात काय होतं?

पाडव्याच्या तोंडावर ऊसतोडीची टोळी गावी परतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस एका पोराच्या दारात उभे राहिले. पोरगा विशीतला. दीड वर्षापूर्वी शेतातली पाण्याची मोटर चोरल्याच्या खटल्यात दोषी ठरलेला. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, प्रोबेशनवर सोडलं होतं. त्यानंतर त्याने कशालाही हात लावला नव्हता. तरी त्याच्या नावाने पकड वॉरंट निघालं होतं. आई मला फोनवर एकच विचारत होती, "मॅडम, केस तर मिटली व्हती ना?"

मिटली नव्हती. प्रोबेशनवर सुटका झाली की घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि कित्येकदा वकिलालाही वाटतं की प्रकरण संपलं. खरं तर ते अर्ध्यावर थांबलेलं असतं. तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं करताना हा गैरसमज मी इतक्यांदा पाहिला आहे की त्यावर सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं. आता निमित्तही आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कायद्याच्या अटी बसत असतील, तर आरोपीला प्रोबेशन द्यावं की नाही याचा विचारच न करण्याची मोकळीक न्यायालयाला नाही. म्हणजे यापुढे हा विषय जास्त कोर्टांत, जास्त घरांत पोचणार. सुटकेचा आनंद समजून घ्यायला कुणाची मदत लागत नाही, पण सुटकेच्या कागदावरच्या अटी कुणीतरी समजावून सांगाव्या लागतात.

जामीन, पॅरोल, फर्लो आणि प्रोबेशन

नोकरीतलं प्रोबेशन सगळ्यांना ठाऊक आहे. नवा माणूस सहा महिने किंवा वर्षभर काम करतो, साहेब लक्ष ठेवतो, सगळं ठीक असेल तर नोकरी पक्की. फौजदारी कोर्टातलं प्रोबेशनही कसोटीचा काळच आहे. मराठीत त्याला परिवीक्षा म्हणतात, पण कोर्टाच्या आवारात 'प्रोबेशन' हाच शब्द चालतो, म्हणून इथेही तोच.

जामीन मिळतो तेव्हा माणूस दोषी आहे की नाही हे ठरलेलं नसतं. पॅरोल आणि फर्लो हे शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला काही दिवस बाहेर सोडण्याचे प्रकार, मुदत संपली की परत आत. प्रोबेशनमध्ये गुन्हा शाबीत झालेला असतो, पण माणसाला तुरुंगात पाठवलेलं नसतं.

संजय दत्तच्या प्रकरणात हे सगळे शब्द एकाच वेळी बातम्यांत होते आणि त्यांचा पार काला झाला. त्याने प्रोबेशन मागितलं होतं. टाडा न्यायालयाने २००७ मध्ये ते नाकारलं, सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये गुन्ह्याचं गांभीर्य पाहून नाकारलं. नंतर येरवड्यातून तो अधूनमधून बाहेर आला, तो पॅरोल आणि फर्लोवर. प्रोबेशन त्याला कधी मिळालंच नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे यासाठी १९५८ चा गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम आहे. त्याआधी मुंबई प्रांताचा १९३८ चा स्वतःचा कायदा होता, आणि त्याही आधी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पहिल्या गुन्ह्यासाठी एक कलम होतं. म्हणजे ही कल्पना आपल्या कोर्टांना नवी नाही.

कल्पनेचं मूळ मात्र अमेरिकेतल्या बोस्टनचं. जॉन ऑगस्टस हा तिथला बूट शिवणारा कारागीर. १८४१ मध्ये एका दारुड्याला शिक्षा होणार होती. ऑगस्टसने न्यायाधीशाला सांगितलं, याला माझ्या हमीवर सोडा. तीन आठवड्यांनी तो त्या माणसाला घेऊन पुन्हा कोर्टात उभा राहिला. माणूस शुद्धीवर होता, सुधारलेला दिसत होता. न्यायाधीशाने नाममात्र एक सेंट दंड आणि खटल्याचा खर्च एवढ्यावर त्याला मोकळं केलं. या गोष्टीतला मला मोलाचा वाटणारा भाग म्हणजे ते परत हजर होणं. सोडलं, आणि ठरल्या वेळी परत येऊन हिशोब दिला. प्रोबेशन आणि त्याची सुनावणी ही जुळी भावंडं आहेत, जन्मापासून.

आपल्या कायद्याच्या कलम ३ मध्ये नुसती समज देऊन सोडण्याची सोय आहे, ती किरकोळ गुन्ह्यांसाठी. आपला विषय कलम ४ चा. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकत नाही, अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला कोर्ट लगेच शिक्षा न सुनावता बंधपत्रावर सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. या काळात शांतता राखायची, चांगलं वागायचं, आणि कोर्टाने बोलावलं की शिक्षा ऐकायला हजर व्हायचं. सोबत देखरेखीचा हुकूम असेल तर तो किमान एक वर्षाचा, आणि लक्ष ठेवायला प्रोबेशन ऑफिसर. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे असतात, पोलीस खात्याचे नसतात. हे लोकांना माहीत नसतं, म्हणून ते घरी चौकशीला आले की माणसं घाबरून मागच्या दाराने पळतात. खरं तर गरज पडली तर काम मिळवून द्यायचा प्रयत्न करणं हेसुद्धा या अधिकाऱ्याचं कायद्याने ठरवलेलं कर्तव्य आहे.

वय २१ च्या आत असेल तर कलम ६ लागतं. तिथे कायदा आणखी पुढे जातो. तुरुंगच का, याची कारणं कोर्टाला लेखी द्यावी लागतात.

बंधपत्र म्हणजे कोरा चेक

कलम ४ खाली कोर्ट शिक्षा देऊन ती थांबवून ठेवत नाही. शिक्षा ठरवतच नाही. अमेरिकेत बऱ्याचदा आधी शिक्षा सुनावतात आणि मग ती स्थगित करतात, त्यामुळे माणसाला आकडा माहीत असतो. आपल्याकडे आकड्याची जागा रिकामी राहते.

म्हणजे माणसाने सही करून कोर्टाच्या हाती कोरा चेक दिलेला आहे. अटी पाळल्या तर मुदत संपल्यावर चेक फाटला. मोडल्या, तर त्या दिवशी खुर्चीत बसलेले न्यायाधीश रक्कम भरणार. भारतीय दंड संहितेतल्या चोरीच्या जुन्या कलम ३७९ खाली कमाल शिक्षा ३ वर्षांची होती, नुसता दंडही करता येत होता. दंडापासून तीन वर्षांपर्यंतची ही सगळी जागा मोकळी असते. शिवाय प्रोबेशनवर नीट काढलेले महिने शिक्षेतून वजा होत नाहीत. वजावट मिळते ती खटल्याच्या काळात प्रत्यक्ष कोठडीत काढलेल्या दिवसांची.

कोऱ्या चेकची एक चांगली बाजूही आहे. रक्कम आधी ठरलेली नसल्यामुळे त्या दिवशी तिच्यावर बोलता येतं. माणूस आता काय करतो, घरात कोण आहे, अट का मोडली, हे सगळं न्यायाधीशांपुढे ठेवता येतं.

कोर्टाला कळतं कसं

बहुतेक वेळा प्रोबेशन ऑफिसरच्या अहवालातून. पण कलम ९ मध्ये 'अहवालावरून किंवा अन्यथा' असे शब्द आहेत, म्हणजे पोलीस, फिर्यादी किंवा आणखी कुणी माहिती दिली तरी चालतं. अट मोडली असं मानायला कारण आहे असं कोर्टाला वाटलं, की ते वॉरंट काढू शकतं किंवा माणसाला आणि जामीनदाराला समन्स पाठवू शकतं. कायद्यात वॉरंट आधी लिहिलंय, समन्स नंतर. समन्स हाती आलं असेल तर ती कोर्टाने दाखवलेली सबुरी आहे, ती वाया घालवू नये.

आमच्या मोटरवाल्या पोराचं काय झालं होतं? दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन तो आणि त्याची बायको एका कोयत्यावर, म्हणजे जोडीने, कोल्हापूरकडच्या कारखान्याला गेले. प्रोबेशन ऑफिसर दोनदा घरी येऊन गेले, दोन्ही वेळा कुलूप. शेजारणीने सांगितलं, "गेलेत उसाला." अहवालात आलं, 'परवानगीविना राहतं ठिकाण सोडलं, संपर्क नाही.' दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. समन्स कुलपावर चिकटवून गेलं, तारखेला कुणी आलं नाही, मग वॉरंट.

अटी मोडणाऱ्यांत पुन्हा चोरी करणारे असतातच. पण माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं या पोरासारखी असतात. पोटासाठी गाव सोडलेलं, मोबाईल नंबर बदललेला, नुकसानभरपाईचा हप्ता चुकलेला, अधिकाऱ्याकडे जायच्या दिवशी मजुरी बुडवायची हिंमत न झालेली. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसं उसाला जातात आणि आम्ही त्यांच्या बंधपत्रात 'ठिकाण सोडणार नाही' हे वाक्य डोळे मिटून टाकतो, याचं मला वाईट वाटतं.

त्या दिवशी कोर्टात

वॉरंट निघालंय हे कळल्यावर पोलिसांची वाट पाहू नये. स्वतः वकिलाबरोबर हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. आपणहून आलेला माणूस आणि पकडून आणलेला माणूस यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते. हजर झाल्यावर कोर्ट त्याला कोठडीत ठेवू शकतं किंवा सुनावणीपर्यंत जामिनावर सोडू शकतं.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. हेल्पलाइनचा नंबर १५१००. कोठडीत असलेल्या कुणालाही, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मग सुनावणी. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "पुन्हा केस चालणार का?" नाही. मोटर चोरली की नाही हा विषय संपलेला आहे, त्यावर आता वाद होत नाही. इथे प्रश्न एकच असतो, बंधपत्रातली अट मोडली का? मूळ खटल्यात संशयाला जागा उरू नये इतका पक्का पुरावा लागतो. इथे कायद्याचे शब्द आहेत, प्रकरण ऐकून घेतल्यावर कोर्टाची 'खात्री झाली' तर. कसोटी त्यामानाने हलकी, म्हणून तयारी जास्त लागते. 'ऐकून घेतल्यावर' हे शब्दही तितकेच महत्त्वाचे. अहवाल वाचला आणि शिक्षा दिली, असं करता येत नाही. माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. अहवालाची नक्कल मागावी, त्यातल्या तारखा तपासाव्या, गरज असेल तर अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायची परवानगी मागावी.

पुकारा झाला तेव्हा पोरगा पिंजऱ्यात हात जोडून उभा होता. न्यायाधीशांनी विचारलं, "अटी वाचल्या होत्या का?" तो म्हणाला, "सही केली होती, साहेब." त्याला सहीपुरतंच लिहिता येतं. कलम ४ प्रमाणे अटी समजावून सांगणं हे कोर्टाचं काम आहे, आणि देखरेखीच्या हुकुमाची प्रत त्याला, जामीनदाराला आणि अधिकाऱ्याला द्यायची असते. प्रत दिलेली होती. त्याच्या मामाकडे, रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार घड्या घालून. पहिल्यांदा उघडली गेली ती त्या दिवशी, माझ्या टेबलावर. तिसरी अट ठिकाण सोडण्याबद्दलच होती.

आम्ही अट मोडली हे नाकारलं नाही. मुकादमाच्या वहीतली उचलीची नोंद, कारखान्याच्या पावत्या, परत आल्याची तारीख, एवढं पुढे ठेवलं. लपला नव्हता, राबत होता, एवढंच दाखवायचं होतं. अट मोडलेली उघड दिसत असताना 'मोडलीच नाही' म्हणत बसणं हा वकिलीतला सगळ्यात महागडा हट्ट असतो.

पन्नास रुपये की दोन हजार रुपये?

आता सगळ्यात कळीची गोष्ट, आणि हीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते.

अट मोडल्याची खात्री झाली तर कलम ९ कोर्टापुढे दोन रस्ते ठेवतं. एक, मूळ गुन्ह्याची शिक्षा तिथल्या तिथे सुनावणं. दोन, पहिल्यांदाच अट मोडली असेल तर बंधपत्र तसंच चालू ठेवून दंड करणं. हा दंड किती? जास्तीत जास्त ५० रुपये. आकडा १९५८ चा आहे. तेव्हा पन्नास रुपये ही मजुराची कित्येक दिवसांची कमाई होती. आज ती रक्कम पाहून काही न्यायाधीशांनाच वाटतं की याने काय होणार. मग कुणीतरी सुचवतं, सरळ मूळ गुन्ह्यात दोन हजार रुपये दंड करा, भरून मोकळा होऊ दे. माणूस खूश, वकील खूश, फाईल बंद.

पण पन्नास रुपयांचा दंड आणि दोन हजारांचा दंड ही एकाच मालाची लहान-मोठी मापं नाहीत. पहिला अट मोडल्याचा. दुसरा चोरीची शिक्षा.

याचं कारण कलम १२ मध्ये आहे. प्रोबेशनवर सुटलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे एखाद्या कायद्याखाली येणारी अपात्रता लागू होत नाही. सरकारी नोकरीचा अर्ज, निवडणुकीचा अर्ज, परवाना, जिथे कायदा म्हणतो 'दोषी ठरलेला माणूस अपात्र', तिथे हे कलम ढाल बनतं. पण त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे खाली जोडलेला अपवाद, आहे. प्रोबेशनवर सुटल्यानंतर मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा झाली, तर ही ढाल गेली. शिक्षा तुरुंगाची असो वा दंडाची, परंतुक फरक करत नाही.

म्हणजे पन्नास रुपये भरले तर बंधपत्र चालू राहतं, उरलेली मुदत नीट काढली की ढाल शाबूत. दोन हजार भरून 'मोकळा' झालेला माणूस मात्र कायमचा शिक्षा झालेला माणूस ठरतो. एका मुलाचं असंच झालेलं मी पाहिलं आहे. तेव्हा त्याच्या बाजूने उभ्या असलेल्या कुणीही परंतुक वाचलं नव्हतं. दोन वर्षांनी सरकारी शिपायाच्या जागेसाठी चारित्र्य पडताळणी आली, तेव्हा तो माझ्याकडे दंडाची पावती घेऊन आला, केस संपल्याचा पुरावा म्हणून. ती पावतीच त्याच्या आड येत होती. मला त्याला हे सांगावं लागलं, आणि ते सोपं नव्हतं.

म्हणून प्रोबेशनवर असलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या वकिलाला माझी कळकळीची विनंती आहे. दंड कितीचा आहे हे नंतर पाहा, आधी तो कोणत्या कलमाखाली आहे हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, वाचा. ठरलेल्या मुदतीत तो पन्नास रुपयांचा दंडही भरा, कारण न भरल्यास कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं.

ढालीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कलम १२ मुळे दोष पुसला जात नाही. नोकरीत असलेल्या माणसावर त्याच वर्तनाबद्दल खात्याची कारवाई होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये सांगितलं आहे. अर्जात 'कधी दोषी ठरला आहात का' असं विचारलं असेल, तर खरं लिहावंच लागतं.

पन्नास रुपयांचा आकडा बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तो आज इतका छोटा झालाय की कोर्टाच्या हातात एका बाजूला काडी आणि दुसऱ्या बाजूला कुऱ्हाड उरली आहे. मधलं काही असतं, तर दोन हजारांच्या मोहात इतकी मुलं अडकली नसती.

नवा गुन्हा दाखल झाला तर?

बंधपत्रात शांतता राखण्याची आणि चांगल्या वर्तणुकीची हमी असते. त्यामुळे नवा गुन्हा दाखल झाला की अट मोडल्याची शंका येणार आणि कोर्ट बोलावणार. पण गुन्हा दाखल होणं म्हणजे आरोप होणं. भावकीच्या भांडणात गावातल्या निम्म्या माणसांची नावं फिर्यादीत येतात. अशा वेळी नव्या प्रकरणातलं सत्य काय, हे तिथे ठरेपर्यंत थांबावं, असा अर्ज करता येतो. मान्य करायचा की नाही हे कोर्टावर आहे. एक काळजी मात्र घ्यावी, इथे घाईघाईत दिलेला कबुलीचा एखादा शब्द नव्या खटल्यात अंगाशी येऊ शकतो. दोन्ही प्रकरणं एकाच वकिलाकडे असलेली बरी.

जामीनदार

मामांना समन्स आलं तेव्हा ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "म्या नुसती सही केली व्हती." जामीनदाराची सही नुसती नसते. बंधपत्र जप्त झालं तर त्यातली रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. आधी त्याला 'रक्कम का वसूल करू नये' अशी नोटीस येते, आणि कोर्ट रकमेचा काही भाग माफ करू शकतं. नोटीस घेऊन गप्प बसलेल्यांना ती सूट मागायची संधीच राहत नाही.

शिक्षा झालीच तर

आकड्यावर बोलायचा हक्क असतो, तो वापरावा. कोर्टाने कमाल शिक्षाच द्यावी असं कुठेही लिहिलेलं नाही. माणूस जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, तर अपील करण्यासाठी शिक्षा थांबवण्याचा अर्ज त्याच कोर्टात, त्याच दिवशी देता येतो. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची.

'हे गुन्हेगारांचे लाड नाहीत का?'

ज्याची मोटर गेली त्या शेतकऱ्याने हा प्रश्न विचारला तर मी तो झटकून टाकणार नाही. ऐन उन्हाळ्यात मोटर गेली की उभं पीक जळतं. त्याच्यासाठी कायद्यात कलम ५ आहे. प्रोबेशन देतानाच कोर्ट नुकसानभरपाई आणि खर्च द्यायला लावू शकतं, आणि ती रक्कम दंडासारखी वसूल होते. चोर तुरुंगात गेल्यावर मोटरीचे पैसे कुठून मिळणार? बाहेर राबणाऱ्या माणसाकडून ते मिळू शकतात. दुर्दैवाने हे कलम फार कमी वेळा वापरलं जातं, सरकारी वकीलही आठवण करून देत नाहीत. फिर्यादीने स्वतः मागावं.

शिवाय प्रोबेशन सरसकट मिळत नाही. निष्काळजीपणे वाहन चालवून माणूस मारणाऱ्या चालकाला ही सवलत देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये एका बसचालकाच्या प्रकरणात म्हटलं. आणि एकदा हा लाभ घेतला की पुढच्या वेळी कलम ३ च्या नुसत्या समजेवर सुटता येत नाही, आधीचा हुकूम पूर्वीचा दोष म्हणूनच मोजला जातो.

'मग अट मोडल्यावर सरळ आत का टाकत नाहीत, सुनावणी कशाला?' हाही प्रश्न येतो. कारण अहवालात 'घराला कुलूप' एवढंच असतं. कुलपामागचा माणूस फरार आहे की फडात ऊस तोडतोय, हे विचारल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७३ मध्ये प्रोबेशन काढून घेण्याआधी सुनावणीचा हक्क मान्य केला. आपल्या कायद्याने तो १९५८ मध्येच कलमात लिहिला होता.

आधी सांगितलं असतं तर

कलम ८ नावाचा एक साधा दरवाजा या कायद्यात आहे, पण तो फारसा कुणी उघडत नाही. प्रोबेशन ऑफिसरच्या अर्जावरून कोर्ट बंधपत्राच्या अटी बदलू शकतं, नव्या घालू शकतं, मुदत कमी-जास्त करू शकतं, फक्त मूळ हुकुमापासून ३ वर्षांच्या पुढे नाही. देखरेखीची गरज उरली नाही असं वाटलं तर बंधपत्रातून मोकळंही करू शकतं. अटी बदलण्याआधी माणसाला आणि जामीनदाराला ऐकून घ्यावं लागतं.

म्हणजे उसाला जायचंय, मुंबईला कामाला जायचंय, बाळंतपणाला बायकोच्या माहेरी राहायचंय, अशा वेळी जाण्याआधी प्रोबेशन ऑफिसरला भेटून कुठे जाणार, किती दिवस, कोणाकडे, फोन नंबर काय, हे लेखी द्यायचं आणि अट बदलून घ्यायची विनंती करायची. दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. ऑफिसरला वेळ नसेल तर वकिलामार्फत कोर्टाच्या कानावर घालायचं. हे झालं असतं तर त्या पोराची रात्र पोलीस ठाण्यात गेली नसती.

त्याला पन्नास रुपये दंड झाला, बंधपत्र चालू राहिलं. त्याच्या आईने कनवटीची नोट काढून दिली. न्यायाधीशांनी त्याला दंडाची मुदत सांगितली आणि प्रोबेशन ऑफिसरचा नंबर लिहून घ्यायला लावला, तो मामांनी रेशनकार्डाच्या पाठीमागे लिहिला. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पोरगा माझ्याकडे आला. मुकादमाचं नाव, कारखान्याचं गाव आणि टोळी कुठे उतरणार ते त्याने बायकोकडून वहीच्या पानावर लिहून आणलं होतं. खाली त्याची सही होती.